टॉवर हवाई दलाचा, प्रवासी आपले: लोहगावच्या न मांडलेल्या हिशेबाची गोष्ट

मागच्या खेपेला आपण खडकवासल्याच्या पाण्याच्या वाटणीवर बोललो. शहराला किती, कालव्याला किती, आणि पाळी चुकली की भांडण कुणाकुणात, हे सगळं झालं. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "पाण्याची पाळी समजली हो, पण विमानाच्या पाळीचं काय? परवा लोहगावला पाऊण तास विमानात बसवून ठेवलं." सगळे हसले. घरी जाताना मात्र आम्हाला वाटलं, प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. आजचं व्याख्यान त्या आजोबांच्या खात्यावर.

हा अनुभव इथे बऱ्याच जणांना असेल. विमानाचे दरवाजे बंद होतात, पट्टे बांधून होतात, आणि मग कॅप्टनचा आवाज येतो: हवाई दलाचा सराव सुरू आहे, थोडा वेळ थांबावं लागेल. खिडकीतून दोन सुखोई एकामागून एक सुटताना दिसतात. लहान मुलं खूश, मोठी माणसं घड्याळाकडे बघतात. त्या वेळी मनात जो प्रश्न यायला हवा तो सहसा येत नाही. समोर जो टॉवर आहे, त्यातला माणूस जो सुखोईला आणि आपल्या विमानाला दोघांनाही वाट करून देतो आहे, त्याचा पगार कोण देतं? आणि आपण त्याच्या सेवेचे किती पैसे देतो?

आधी जागेचा इतिहास. लोहगावचा तळ १९३९ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं उभारला. हेतू मुंबईच्या हवाई संरक्षणाचा. किनाऱ्यापासून आत, घाटाच्या वर, लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांना सोयीची सपाट जागा. १९४७ मध्ये तो आपल्या हवाई दलाकडे आला आणि तेव्हापासून तो हवाई दलाचाच आहे. १९८७ साली मिग-२९ भारतात आली ती याच तळावर, आणि १९९७ च्या जूनमध्ये पहिली सुखोई-३० दाखल झाली तीही इथेच. म्हणजे हा एखादा कोपऱ्यातला, निवृत्तीला आलेला तळ नव्हे. पश्चिम भारताच्या संरक्षणातलं हे मुख्य ठाणं आहे, आणि पुणेकरांनी कितीही कुरकुर केली तरी ते तसंच राहणार.

या तळाच्या एका कडेला प्रवासी टर्मिनल आहे. कायद्याच्या भाषेत त्याला 'सिव्हिल एन्क्लेव्ह' म्हणतात. सशस्त्र दलांच्या विमानतळावर नागरी प्रवाशांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी नेमून दिलेला भाग. आपल्या भाषेत सांगायचं तर मोठ्या वाड्यात ओसरी भाड्यानं दिलेली. टर्मिनल आणि विमानं उभी करायची जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. धावपट्टी हवाई दलाची. टॉवर हवाई दलाचा. विमान पुण्यातून उडालं की काही मिनिटं हवाई दलाचा कंट्रोलर त्याच्याशी बोलतो आणि मग ते मुंबईच्या नागरी कंट्रोलरच्या हाती सोपवतो. उतरताना हेच उलट्या क्रमानं.

कित्येक वर्षं या व्यवस्थेत कुणाला काही खुपलं नाही. इंडियन एअरलाइन्सची दिवसाला मोजकी उड्डाणं असायची, त्यांच्यासाठी वेगळा टॉवर कोण बांधणार? तो आहेच, कंट्रोलर बसलेलाच आहे, आणखी चार विमानांना 'उतरा' म्हणायला कितीसा खर्च? १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना कायद्यानं दार उघडलं, २००३ पासून स्वस्त तिकिटं आली, हिंजवडी-खराडी वाढली, आणि २०२४-२५ मध्ये या ओसरीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांची संख्या वर्षाला एक कोटीच्या घरात पोचली. ओसरी आता वाड्यापेक्षा गजबजलेली आहे. भाड्याची कागदपत्रं मात्र जुन्याच हिशेबाची.

ती कागदपत्रं काय म्हणतात ते बघू. विमानतळ प्राधिकरणाचा कायदा १९९४ चा, अंमल १ एप्रिल १९९५ पासून. त्याच्या २२ व्या कलमात प्राधिकरणानं कशाकशाचं शुल्क घ्यावं ते दिलं आहे: विमान उतरणं, उभं करणं वगैरे. तिथे खाली एक छोटं स्पष्टीकरण आहे. आम्ही ते तीनदा वाचलं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. इथे 'विमान' म्हणताना सशस्त्र दलांचं विमान धरायचं नाही, आणि सशस्त्र दलांचे विमानतळ तर या कायद्याच्याच बाहेर. दोन वगळण्या. म्हणजे हवाई दलाचं विमान नागपूरला किंवा मुंबईला प्राधिकरणाच्या धावपट्टीवर उतरलं तर प्राधिकरण या कलमाखाली त्याच्याकडून पैसे मागणार नाही. आणि पुण्यात प्रवासी विमान हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरलं तर प्राधिकरण त्या उतरण्याचे पैसे घेणार नाही, ते संरक्षण खात्याच्या बाजूचं.

याला व्यवहारात काय म्हणतात? फिटंफाट. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येईन, हिशेब नको. शेजाऱ्यांत वाटीभर साखरेला हे चालतं. पण एकाच्या घरी रोज दोनशे माणसांची पंगत उठायला लागली की वाटी मोजावीच लागते.

पुढे २००८ च्या कायद्यानं विमानतळांचे दर ठरवणारी नियामक संस्था आली, 'एरा'. तिच्या कायद्यातही हीच रेघ आहे. सशस्त्र दलांच्या ताब्यातले विमानतळ कायद्याच्या बाहेर, सिव्हिल एन्क्लेव्ह कायद्याच्या आत. परिणाम असा की पुण्याच्या टर्मिनलचं शुल्क ठरताना सुनावणी होते, कागद प्रसिद्ध होतात, विमान कंपन्या आक्षेप घेतात, तुम्ही-आम्हीही लेखी मत देऊ शकतो. धावपट्टी आणि टॉवर यांच्याबाबत असं कुठलंच दालन नाही. टर्मिनलच्या काचा, सरकते जिने, खुर्च्या यांचा खर्च पै-पैनं मांडला जातो. विमान सुखरूप उतरवणाऱ्या यंत्रणेचा नाही.

आता इथे कुणी म्हणेल, यात बिघडलं काय? हवाई दल टॉवर चालवतं, संरक्षण खात्याच्या पैशातून चालवतं, पुणेकरांना तो जवळजवळ फुकट पडतो. मग तक्रार कसली?

हे थोडं उलगडून सांगायला हवं. सामायिक खर्चाची वाटणी हा जगभरातला जुना डोकेदुखीचा विषय आहे आणि पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत तो दर वर्षी निघतो: तळमजल्यावाल्यानं लिफ्टचा खर्च द्यायचा का? एक बाजू म्हणते, लिफ्ट बिल्डिंगची आहे, सगळ्यांनी समान द्या. दुसरी म्हणते, आम्ही वापरत नाही, आम्ही का द्यायचं? टॉवरचंही असंच. एक पद्धत म्हणते, तळ मुळात लष्कराचा, टॉवर लष्करासाठीच उभा राहिला. नागरी विमानांमुळे जेवढा जादा खर्च झाला, म्हणजे जादा कंट्रोलर, रात्रपाळी, दिवे, तेवढाच त्यांच्याकडून घ्या. दुसरी म्हणते, आज वापर कुणाचा किती ते मोजा आणि त्या प्रमाणात वाटा. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. त्यांची उत्तरं मात्र एकमेकांच्या आसपासही येत नाहीत.

आणि वापर मोजायचा कसा? आकाशमार्गाचं शुल्क आकारताना युरोपात आणि आपल्याकडेही अंतराला वजनाच्या एका गुणकानं गुणतात: विमानाचं टनांतलं वजन भागिले ५०, त्याचं वर्गमूळ. आता एअरबस ए-३२० घ्या, उड्डाणाचं कमाल वजन ७८ टनांच्या आसपास. गुणक येतो १.२५. सुखोई-३०, सुमारे ३९ टन. गुणक ०.८८. या सूत्रानं सुखोई एअरबसपेक्षा हलकं गिऱ्हाईक ठरते. पण कंट्रोलरला विचारा. एअरबस ठरल्या वेळी, ठरल्या वाटेनं, ठरल्या वेगानं येते. सुखोई जोडीनं किंवा चौकडीनं येतात, वेग निराळा, इंधन बेताचं राहिलं असेल तर त्यांना आधी उतरवावं लागतं, आणि सरावाचा बेत ऐन वेळी बदलू शकतो. मधल्या वेळात एअरबसला दूर कुठेतरी घिरट्या घालायला लावायचं. कष्ट कुणामुळे जास्त? वजनाच्या सूत्रात हे कुठेच बसत नाही. म्हणून लष्करी आणि नागरी खर्चाची वाटणी करताना वजन सोडून दुसरं माप शोधावं लागतं, आणि तिथे एकमत होत नाही.

जगानं या प्रश्नाला हात घातला तो हिशेबाच्या आवडीनं नव्हे. अपघातांनी भाग पाडलं. अमेरिकेत १९५० च्या दशकात नागरी आणि लष्करी नियंत्रण वेगवेगळं होतं. २१ एप्रिल १९५८ रोजी लास व्हेगासजवळ युनायटेडचं प्रवासी विमान आणि हवाई दलाचं एफ-१०० लढाऊ विमान आदळलं, ४९ मृत्यू. महिना उलटायच्या आत, २० मे रोजी मेरीलँडमध्ये दुसरं प्रवासी विमान आणि लष्करी जेट, आणखी १२. ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला आणि सगळं आकाश एका नागरी संस्थेच्या हाती आलं. मग खर्चाचा प्रश्न उरला. १९७० मध्ये तिकिटावरच्या आणि इंधनावरच्या करांतून वेगळा निधी काढला. पण लष्करी आणि इतर सार्वजनिक वापराचा बोजा प्रवाशांवर पडू नये म्हणून सर्वसाधारण तिजोरीतूनही काही वाटा घालायचा, हे तत्त्व तिथे मानलं जातं. किती वाटा, यावर अजून भांडतात. पण आकडा टेबलावर असतो.

युरोपात १९६० साली युरोकंट्रोलचा करार झाला, मार्गशुल्क १९७१ पासून सुरू. तिथे लष्करी विमानांना सूट देता येते, मात्र सूट दिलेल्या उड्डाणांचा खर्च इतर विमानांवर टाकायचा नाही, तो त्या त्या सरकारनं भरायचा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं धोरणही हेच सांगतं. जर्मनी आणखी पुढे गेली. तिथे १९९२ मध्ये राज्यघटनेतलं कलम बदललं आणि त्यानंतर शांतताकाळात नागरी-लष्करी दोन्ही नियंत्रण बहुतांशी एकाच कंपनीकडे गेलं. लष्करी कामाचा मोबदला संरक्षण मंत्रालय देतं. ब्रिटननं १९६२ मध्येच दोघांची एकत्र सेवा केली होती. या सगळ्यांत सूट असो की नसो, सूट कितीची आहे हे लिहिलेलं असतं.

आपल्याकडचा धडा फार कडू होता. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदीचं ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन हवेत आदळलं, ३४९ माणसं गेली. चूक कझाक विमानाची होती, नेमून दिलेली उंची सोडून ते खाली आलं. पण दोन्ही विमानं समोरासमोर एकाच वाटेवर का होती? दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं आणि नागरी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच चिंचोळी वाट ठेवलेली होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. आम्हाला इथे हवाई दलाला दोष द्यायचा नाही. सांगायचं एवढंच, की आकाश वाटून घेताना किंमत पैशात मांडली नाही तर ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी रूपात निघते.

पुण्यात ती वेळेच्या रूपात निघाली. हवाई दल टॉवरचं मोठं बिल पाठवत नाही. ते तास राखून ठेवतं. सरावाच्या वेळा त्यांच्या, उरलेल्या वेळेत नागरी स्लॉट. ही अक्षरशः कालव्याची पाळी आहे. फरक एवढाच की पाळीपत्रक गावच्या चावडीवर लागतं आणि कुणाचं पाणी कुणी तोडलं ते कळतं.

वेळेची किंमत किती मोठी असू शकते ते दोन आकड्यांत बघा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. तरीही २०१८ च्या डिसेंबरात तिथे एका दिवसात हजाराच्या वर विमानांची ये-जा झाली. पुण्यातही धावपट्टी एकच, २,५३५ मीटरची, आणि प्रवासी विमानांची ये-जा दिवसाला दोनशेच्या आसपास. सगळा फरक हवाई दलामुळे आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. विमानं उभी करायला जागा कमी, टर्मिनल वर्षानुवर्षं तोकडं, नवं टर्मिनल प्रत्यक्ष वापरात आलं ते २०२४ च्या जुलैत. पण फरकातला मोठा भाग राखून ठेवलेल्या तासांचा आहे, आणि त्या तासांची किंमत रुपयांत कधी कुणी काढलेली नाही.

धावपट्टीचं काम निघालं तेव्हा हे सगळ्यांना जाणवलं. २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ विमानतळ बंद, आणि मग १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस पूर्णच बंद. काम हवाई दलानं करवून घेतलं आणि ते गरजेचंच होतं. पण त्या चौदा दिवसांत ज्यांनी मुंबईपर्यंत टॅक्सी केली, त्यांनी धावपट्टीच्या दुरुस्तीला आपला वाटा दिलाच की. फक्त तो टॅक्सीवाल्याकडे गेला.

उलट्या बाजूनंही बघितलं पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान एकतर्फी होईल. मे २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं ३७ तळांवरची उतरण्याची आणि दिशादर्शनाची यंत्रणा नवी करायचा सुमारे १,२०० कोटींचा करार केला. त्याआधीच्या टप्प्यात ३० तळ होते. यातल्या ज्या तळांवर प्रवासी विमानं उतरतात, तिथे फायदा प्रवाशांचाही होतो. पैसे मात्र संरक्षणाच्या अंदाजपत्रकातले. म्हणजे कधी विमानात न बसलेला गडचिरोलीतला शेतमजूर साबणावर जो कर देतो, त्यातला अंशभर पुणे-दिल्ली प्रवास सुरक्षित करायला जातो. हवाई दलाचे अधिकारी म्हणू शकतात, आणि रास्तपणे म्हणू शकतात, की कंट्रोलर आम्ही युद्धासाठी तयार करतो आणि त्यांचा निम्मा दिवस तुमच्या सुट्टीच्या गर्दीत जातो. कोण कुणाला पोसतं आहे? आमचं प्रामाणिक उत्तर: हिशेब मांडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि न मांडणं दोन्ही बाजूंना सोयीचं पडलेलं आहे. मांडला तर एकाला शुल्क वाढवावं लागेल, दुसऱ्याला तास सोडावे लागतील.

महाराष्ट्रातच निराळे नमुने आहेत. नाशिकजवळ ओझरला धावपट्टी आणि टॉवर एचएएलचे, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचे. नागपूरला टॉवर नागरी आणि हवाई दल पाहुणं. आणि गोवा तर पुण्याचा थोरला भाऊच. दाबोळी पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये बांधला, गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये नौदलाकडे आला. तिथेही टॉवर नौदलाचा, तिथेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे तास सरावासाठी राखलेले. पर्यटन वाढलं, तास वाढेनात. शेवटी उत्तरेला मोपा उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली.

पुण्याची गोष्ट त्याच वाटेनं निघाली आहे. आधी चाकण-राजगुरुनगर, मग पुरंदर. पुरंदरच्या जागेला २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाची संमती मिळाली, मग तालुक्यातल्याच दुसऱ्या जागेचा विचार झाला, त्या दुसऱ्या जागेची संमती २०२१ मध्ये मागे घेतली गेली, आणि गाडी पुन्हा पहिल्या जागेवर आली. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. सात गावं. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोननं मोजणी करायला गेले तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. अंजीर-सीताफळाच्या बागा असलेली ही जमीन. लोहगावच्या राखीव तासांची किंमत कुणीतरी आधी काढली असती, तर निदान एवढं विचारता आलं असतं: हे तास सोडवून घ्यायला, म्हणजे हवाई दलाला सरावासाठी दुसरीकडे सोय करून द्यायला, जो खर्च येईल तो जास्त की सात गावं हलवण्याचा? कदाचित उत्तर पुरंदरच आलं असतं. हवाई दलाला लोहगाव का लागतं, त्याची कारणं आहेतच. पण तुलना करायला दुसरा आकडाच नव्हता.

आणि नवा विमानतळ झाला म्हणून वाटणी संपणार नाही. पुरंदर आणि लोहगाव यांचं हवाई अंतर फार नाही. जमिनीवर दोन टॉवर असतील, एक नागरी, एक लष्करी. वरचं आकाश एकच राहणार. २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की देशाच्या आकाशापैकी फक्त ६० टक्के नागरी विमानांना मोकळेपणानं मिळतं आणि बंधनं सैल केली तर वर्षाला हजार कोटी वाचतील. हजार कोटी कुणाचे वाचतील ते कळलं, विमान कंपन्यांचे. ते वाचवण्यासाठी हवाई दलाला जे बदलावं लागेल, त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे त्या वाक्यात नव्हतं.

आता प्रश्न घेऊ. हो, आजोबा, तुम्हीच आधी बोला. काय म्हणालात? तिकिटावर टॉवरचे किती लावतात? आम्ही काल रात्री पुणे-दिल्लीचं एक तिकीट उघडून पाहिलं. मूळ भाडं आहे, कर आहे, सुरक्षेचं शुल्क आहे, टर्मिनलसाठीचं वापरकर्ता विकास शुल्क आहे. टॉवरची ओळ नाही.